पत्र्याखालचा माळा: उष्णता अडवणारं फॉइल नेमकं कुठे लावलं, त्याच्या नोंदी

१० मार्च २०२४

घर श्रीवर्धन तालुक्यातलं. भिंती चिऱ्याच्या, पुढे ओटी आणि पडवी, मधे माजघर, वर घराच्या पूर्ण लांबीचा माळा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. कौलं उडालीच, शिवाय पुढच्या पाख्यावर, म्हणजे छताच्या पुढच्या उतारावर, नारळ पडून वासे मोडले. पावसाळा तोंडावर, कौलं मिळेनात, मिळाली तर लावायला माणूस नाही. गावात बहुतेकांनी केलं तेच आम्ही केलं: रंगीत पत्रे घातले. पुढच्या, म्हणजे पश्चिमेच्या पाख्याला लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा. मागच्या, पूर्वेच्या पाख्याचे जुने सागवानी वासे शाबूत होते, त्यांच्यावरच पत्रा.

घर कोरडं राहिलं, पण माळा हातातून गेला. पूर्वी आंब्याची अढी, सोललेली सुपारी, आमसुलं, बियाण्याचं भात, सगळं वर असायचं. आता एप्रिल-मेमध्ये दुपारी तिथे उभं राहवत नाही. आई माजघरात झोपते आणि रात्री जेवणं आटोपली तरी तिच्या डोक्यावरची तख्तपोशी, म्हणजे माळ्याच्या फळ्यांची खालची बाजू, हाताला कोमट लागते. मला हे थांबवायचं आहे.

वरून पांढरा रंग द्यावा, हा पहिला विचार. तो चांगलाच उपाय आहे, कारण ऊन पत्र्यात शिरण्याआधीच परत जातं. पण आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर नारळ-आंब्याचा पालापाचोळा. चुना एका पावसाळ्यात धुऊन जातो आणि चांगल्या रंगावरही शेवाळ धरतं. शिवाय ओल्या पत्र्यावर दर वर्षी चढणारा माणूस घरात नाही. म्हणून काम आतून करायचं ठरवलं, म्हणजे पत्र्याखाली माळ्यात ॲल्युमिनियमचं चकचकीत फॉइल लावायचं.

१६ मार्च

कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी मोजमाप. तारेच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर आणि बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर, दोन्ही शेजारच्या मुलाकडून आणले. दुपारी अडीचला अंगणात सावलीत ३३ अंश. पश्चिमेच्या पत्र्याची आतली बाजू ६१. माळ्याच्या फळ्या ४३. खाली माजघरात ३५.

यातला फळ्यांचा आकडा महत्त्वाचा. माळ्यावर डोक्याच्या उंचीला हवा ४१ होती, म्हणजे फळ्या हवेपेक्षाही गरम. गरम हवा वर राहते, ती खाली येऊन फळ्या तापवत नाही. मग फळ्यांना तापवतं कोण, तर थेट पत्रा. खोक्याचा पुठ्ठा डोक्यावर धरून बघा: हवा तीच असते, पण टाळूवरची झळ त्याच क्षणी थांबते. पुठ्ठा काढला की परत. ज्यांना फॉइलवर पैसे घालायचे की नाही हा प्रश्न आहे, त्यांनी आधी हे करावं. पुठ्ठ्याने फरक पडला नाही तर तुमचा त्रास वेगळा आहे, बहुधा कोंडलेल्या हवेचा.

आमच्या पत्र्याची आतली बाजू राखाडी रंगाची आहे आणि असा रंग उष्णता जोरात खाली फेकतो. आतून रंग न दिलेला चकचकीत पत्रा असेल तर झळ कमी लागते. पत्रे घालतानाच हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

२४ मार्च

माल. बाजारात ‘चंदेरी’ दिसणारं सगळं एकाच नावाने विकलं जातं. पहिल्या दुकानदाराने पाठवलेला नमुना दिसायला आरशासारखा होता, पण वर प्लास्टिकचा थर होता आणि आत धातूची नुसती फुंकर. प्लास्टिकचा जाड थर वर असला की चमक डोळ्यांना दिसते, उष्णतेला दिसत नाही. तपासायच्या दोन सोप्या रीती. पहिली: तुकडा गालाजवळ बोटभर अंतरावर धरायचा. खरं ॲल्युमिनियम उघडं असेल तर गालाची ऊब परत गालावर येते आणि चटकन जाणवते. दुसरी: मल्टिमीटरच्या दोन्ही सुया पृष्ठभागावर हलक्या टेकवायच्या, आवाज आला तर धातू उघडा आहे. अगदी पातळ लाखेचा थर असलेलं चांगलं फॉइलही या दुसऱ्या परीक्षेत नापास होतं, म्हणून मी गालावर जास्त भरवसा ठेवला.

शेवटी दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम आणि मधे हवेचे फुगे असलेलं घेतलं. १००० चौरस फूट, १४ रुपये फुटाने. फुग्यांच्या जाडीवरून भाव वाढतो, तिकडे लक्ष देऊ नका. चार मिलिमीटर जाडीचे फुगे उष्णता किती अडवणार? काम करतो तो चकचकीत पृष्ठभाग, आणि तोही समोर मोकळी हवा असेल तरच. चांगलं ॲल्युमिनियम समोरून येणाऱ्या उष्णतेतला शंभरातला ९५ च्या वरचा भाग परत पाठवतं आणि स्वतः तापलं तरी फार थोडी सोडतं. पण त्याला काही टेकलं की उष्णता सरळ पलीकडे जाते. निदान दोन सेंटिमीटर मोकळी जागा हवीच. फुग्यांचा मला झालेला उपयोग एवढाच की माल फाटत नाही आणि ताणला तरी सरळ राहतो.

३१ मार्च

सगळं घर एकदम करायचं नाही. माळ्याचे खण सारख्या मापाचे आहेत, म्हणून पश्चिमेच्या बाजूच्या तीन खणांत तीन जागा करून पाहायच्या.

पहिला खण: माळ्याच्या फळ्यांवर फॉइल नुसतं अंथरलं. सर्वांत स्वस्त, अर्ध्या तासाचं काम.
दुसरा खण: पत्र्याच्या आतल्या बाजूला रबरी गोंदाने चिकटवलं. फॅब्रिकेटरचा सल्ला हाच होता.
तिसरा खण: पत्रा ज्या पाइपांवर बसतो त्यांच्या खाली टांगलं, म्हणजे पत्रा आणि फॉइल यांच्या मधे दोन इंचांची पोकळी.

चौथा खण मोकळा ठेवला, तुलनेला.

पहिल्या दिवशी दुपारचे आकडे: मोकळ्या खणात फळ्या ४४. अंथरलेल्या खणात फॉइलखालच्या फळ्या ३७. चिकटवलेल्या खणात ३९. टांगलेल्या खणात ३८. म्हणजे अंथरलेलं फॉइल पहिलं आलं. इथेच थांबलो असतो तर उरलेला माल फळ्यांवर पसरून मोकळा झालो असतो.

१४ एप्रिल

पंधरवड्याने तेच आकडे पुन्हा घेतले. अंथरलेला खण ३७ वरून ४१ वर आला. कारण उघड आहे: वर तोंड करून पडलेल्या फॉइलवर धूळ बसते. आमच्या माळ्यावर चिऱ्याची लाल माती भुरभुरते, सुपारीच्या सालींचा भुसा उडतो. हात फिरवला तर बोटं लाल. धुळीने झाकलेलं ॲल्युमिनियम उष्णतेच्या दृष्टीने मातीच. पुसून घेतलं तर आकडा पुन्हा ३८. पण दर पंधरा दिवसांनी माळा पुसायला कोण चढणार? शिवाय आईचा सरळ प्रश्न होता, “अरे, मग मी आमसुलं ठेवू कुठे?” ज्या फॉइलवर टोपल्या ठेवायच्या, त्याच्यासमोर मोकळी हवा राहतच नाही. आणखी एक गोष्ट मला खटकली: फॉइलमधून वाफ जात नाही. पावसाळ्यात खालून स्वयंपाकाची, माणसांची दमट हवा फळ्यांमधून वर येणार आणि फॉइलखाली अडकणार. सागवान असलं तरी बुरशी धरेल.

चिकटवलेला खण चौथ्या-पाचव्या दिवशीच सुटू लागला. ६० अंशांवर रबरी गोंद मऊ होतो, माल स्वतःच्या वजनाने खाली येतो. जिथे चिकटून राहिलं तिथे काम ठीक होत होतं, कारण खालची बाजू हवेकडे आहे. नवीन पत्रे घालताना पत्र्याखालीच माल ताणून घेणाऱ्यांचं म्हणूनच चालतं. आमचे पत्रे आधीच बसले आहेत. ते सगळे उकलायचे, जुन्या भोकांत पुन्हा स्क्रू बसवायचे आणि मग जूनमध्ये गळती शोधायची, हे मला नको होतं.

टांगलेला खण ३८ च्या ३८ वर. वरच्या बाजूवर धूळ बसेल, बसू दे. खाली तोंड केलेल्या बाजूवर धूळ ठरत नाही आणि ती बाजू वर्षानुवर्षं काम करत राहते. जागा ठरली.

१९ एप्रिल

फॉइल लावण्याआधी वायरिंग. हा भाग वगळून कोणी पुढे जाऊ नये, म्हणून सविस्तर लिहितो. ॲल्युमिनियम वीज वाहून नेतं. माळ्यावरच्या जुन्या वायरला उंदराने कुरतडलेलं असेल किंवा स्टेपलची पिन वायरमध्ये घुसली, तर अख्खं छत जिवंत होतं. ऑस्ट्रेलियात २००९-१० मध्ये घरांना इन्सुलेशन लावायची मोठी सरकारी योजना निघाली होती. तिच्यात चार तरुण कामगार गेले, त्यातले तिघे विजेच्या धक्क्याने. फॉइल आणि धातूच्या पिना वायरला लागणं हे त्यातलं एक कारण होतं, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तिथे त्या योजनेतून फॉइल बंद केलं गेलं. घामाने भिजलेला माणूस, अरुंद जागा, वर पत्रा: आमचा माळा यापेक्षा वेगळा नाही.

इलेक्ट्रिशियनकडून वाशांवरच्या मोकळ्या वायरी काढून पीव्हीसी पाइपात घातल्या आणि पाइप फळ्यांच्या पातळीवर उतरवला. बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला, म्हणजे वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. काम चालू असेल तोवर मेन स्विच बंद, दिव्यासाठी बॅटरी. खर्च ५,२०० रुपये. अख्ख्या कामातला सर्वांत सत्कारणी लागलेला पैसा हाच.

२७ एप्रिल

मागचं पाखं, लाकडी वाशांचं. सुतारदादा आणि त्यांचा मदतनीस. वाशांना पूर्वी काजूच्या टरफलाचं तेल लावलेलं, त्यामुळे टेप मुळीच चिकटत नाही. वाशांच्या खालच्या कडेला फॉइल ताणून वरून अर्ध्या इंचाच्या लाकडी पट्ट्या स्क्रूने मारल्या. नुसत्या पिना मारल्या तर फॉइल पिनेभोवती फाटतं. आणि खाऱ्या हवेत लोखंडी पिना दोन पावसाळे काढत नाहीत. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घेतले. पितळेचे टाळा, पितळ आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

सुतारदादांनी आढ्याकडून सुरुवात केली आणि खालचा पट्टा वरच्या पट्ट्याच्या वर सरकवला. दिसायला छान, पण पत्रा गळला तर पाणी सांध्यातून थेट फळ्यांवर. तो भाग उकलला. वळचणीकडून सुरुवात करून प्रत्येक वरचा पट्टा खालच्यावर सहा इंच चढवायचा, कौलं लावतात त्याच क्रमाने. “भाऊ, हे पाणी अडवायला नाही ना लावत आपण?” असं ते म्हणाले. लावत उन्हासाठीच आहोत. पण कोकणात छताखाली जे काही लागेल त्याच्यावर कधी ना कधी पाणी येणारच.

खालची कड भिंतीला घट्ट मिटवली नाही. भिंतीच्या माथ्यावरून वळचणीत बाहेर काढून मोकळी सोडली, म्हणजे वर आलेलं पाणी बाहेर पडेल आणि तिथूनच हवा आत शिरेल. आढ्याजवळ दोन्ही पाख्यांच्या फॉइलमध्ये चार इंचांची फट ठेवली. भिंतीला नुकताच चुना दिला होता तिथे फॉइल दोन बोटं दूर ठेवलं, ओला चुना ॲल्युमिनियमला भोकं पाडतो.

५ मे

पश्चिमेचं पाखं. लोखंडी पाइपात पट्टी मारता येत नाही, प्रत्येक स्क्रूसाठी ड्रिल आणि प्रत्येक भोकाला गंज. यावर उपाय बंदरावर सापडला: जाळी विणायची नायलॉनची दोरी. पाइपांच्या खालून फूटभर अंतरावर आडव्या दोऱ्या ताणल्या आणि पाइप व दोरी यांच्यामधून फॉइल सरकवलं. फॉइल दोरीवर झोपलेलं, वर दोन इंच पोकळी. जिथे ते लोखंडाला टेकतं तिथे मधे कापडी टेप.

पहिल्या प्रयत्नात दोऱ्या उन्हात ढिल्या पडून मधे झोळ आला. एका मच्छीमार शेजाऱ्याने गाठ बदलून दिली आणि टोकाला लाकडी पाचर घालायला सांगितली. आता ढिली पडली की पाचर ठोकायची. हा पाखा मागच्यापेक्षा लवकर झाला आणि स्वस्तही पडला.

पश्चिमेचं पाखं आधी करावं, असं मी सगळ्यांना सांगेन. पूर्वेचा पत्रा सकाळी तापतो आणि दुपारनंतर निवतो. पश्चिमेचा पत्रा तापतो तेव्हा घर आधीच तापलेलं असतं. ज्यांचं आढं पूर्व-पश्चिम आहे त्यांनी उत्तरेच्या पाख्याला सोडू नये. आमच्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो.

१५ मे

बाहेर सावलीत ३५. पत्रा ६५. मोकळ्या ठेवलेल्या खणात फळ्या ४६, फॉइलच्या खणांत ३८ ते ३९. माजघर ३३.५. मार्चमध्ये बाहेर दोन अंश कमी असतानाही माजघर ३५ होतं. पण फळ्या आणि माजघर यांपेक्षा मला आनंद रात्रीचा झाला: नऊ वाजता तख्तपोशीला हात लावला तर थंड.

इन्फ्रारेड बंदुकीबद्दल एक इशारा. ती फॉइलवर रोखली की आकडा फसवा येतो. चकचकीत पृष्ठभागावरून ती समोरच्या फळ्यांचं प्रतिबिंब वाचते. ‘पत्रा ६५ आणि फॉइल ३८’ असं दाखवून माल विकणारे आहेत. फॉइलवर मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि टेपवर मोजा: आमच्याकडे तो आकडा ४९ आला. फॉइल गरम असतंच, ते उष्णता खाली सोडत नाही इतकंच.

आढ्याजवळ हवा मात्र ५२ अंशांवर कोंडलेली होती. पत्रे घालताना आढ्याचं टोपण फोम भरून बंद केलं होतं. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत जुने झरोके होते, वादळानंतर विटांनी बुजवलेले. ते उघडून गंज न धरणारी बारीक जाळी बसवली. दोन दिवसांनी त्याच वेळी ४४.

आजवरचा खर्च: माल १४,०००, वाहतूक १,१००, लाकडी पट्ट्या ३,४००, मजुरी ८,५००, वीजकाम ५,२००, दोरी-टेप-स्क्रू १,३००. एकूण ३३,५०० रुपये. झरोक्यांची जाळी घरातच पडलेली होती.

२१ मे

स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या बंबावरचा खण मुद्दाम सोडला. या मालाचे फुगे प्लास्टिकचे, आग धरतात. आणि चुलीचा धूर वर जाऊन फॉइलला काजळी लावणार, काजळी लागलेलं फॉइल धुळीच्या फॉइलइतकंच निरुपयोगी. आईची चूल बंद करायची माझी इच्छा नाही. त्या खणाच्या कडेला फॉइल संपतं तिथे उभा पत्र्याचा आडोसा घातला आहे.

१२ जून

पाऊस लागला. दोन जागी गळती निघाली, दोन्ही पत्र्याच्या स्क्रूंचे रबरी वॉशर तडकल्याने. पाणी फॉइलवरून वाहत वळचणीत गेलं, फळ्या कोरड्या. एका झोळात मात्र तांब्याभर पाणी साचलं होतं, पाचर ठोकून ते वाहतं केलं. एक अडचण नवी आहे: फॉइलमुळे गळती कुठून येते ते खालून दिसत नाही. म्हणून प्रत्येक खणात एक पट्टा नुसता दोरीवर सरकता ठेवला. तो बाजूला केला की पत्रा दिसतो.

२५ ऑगस्ट

पावसाळ्याच्या मधली तपासणी. फॉइलवर बुरशी नाही. वळचणीजवळ दोन वाशांना पांढरी बुरशी होती, तिथे पाल्याने फट बुजली होती. फट साफ केली. उंदरांनी वळचणीची कड कुरतडली आहे, फुगे त्यांना आवडतात असं दिसतं. कडेला फूटभर जाळी दुमडून लावली. उदमांजर रात्री माळ्यावर येतं, पण त्याने अजून कशाला हात लावलेला नाही.

२२ डिसेंबर

थंडीतल्या पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि पूर्वी ते फळ्यांवर टपटपायचं. आता ते फॉइलवर पडतं आणि उतरून जातं. सुपारी यंदा पुन्हा माळ्यावर चढली.

चुलतभावाने त्याच्याही घरी फॉइल लावायचं मनावर घेतलं, त्याचं घर अजून मंगलोरी कौलांचं आहे. मे महिन्यात मोजलेलं त्याच्या कौलांचं आतलं तापमान ४६ होतं आणि माळ्याच्या फळ्या ३७, म्हणजे आमच्या फॉइलनंतरच्या फळ्यांपेक्षाही थंड. कौल जाड असतं आणि सांध्यांतून वारा खेळतो. तिथे वाशांखाली फॉइल घट्ट बसवलं तर हा वारा अडेल आणि माकडांनी सरकवलेल्या कौलातून आलेलं पाणी वाशांवर मुरेल. त्याला सांगितलं की माळ्याला हात लावू नकोस. त्याच्या पश्चिमेच्या पडवीवर मात्र कौलांच्या जागी पत्रा आहे, तेवढी दोरी आणि फॉइल फेब्रुवारीत करून देणार आहे. माझ्याकडे शंभरेक चौरस फूट माल उरला आहे, तो तिथे पुरेल.